कोंडवाड्यातली वांगी

हल्लीच्या मुलांना कोंडवाडा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. मोकाट सुटलेलं जनावर कुणाच्या शेतावाडीत शिरलं, की त्याला धरून आणून डांबायची जागा म्हणजे कोंडवाडा. मालकाने यायचं, दंड भरायचा, चार बोलणी खायची आणि आपलं जनावर सोडवून न्यायचं. थोडक्यात जनावरांचा तुरुंग. फरक इतकाच, की इथे गुन्हेगार आत मजेत रवंथ करत बसे आणि शरम बाहेरच्याला वाटे.

पापडीहून वसईकडे निघालं की डाव्या हाताला असा एक कोंडवाडा होता. जागा म्युनिसिपालटीची. चांगली ऐसपैस, छातीएवढी दगडी भिंत, मध्ये विहीर, कोपऱ्यात चिंच आणि फाटकाला लागून राखणदाराची कौलारू खोली. त्या खोलीत फर्डिनंड तुस्कानो आणि त्यांची बायको हिल्डा राहत. आम्ही त्यांना काका-काकी म्हणत असू. माझं तेव्हा पापडीच्या बाजारात सायकली भाड्याने देण्याचं दुकान होतं, लग्न नुकतंच झालेलं, आणि काकांची सायकल (म्हणजे माझीच, पण ती कायम त्यांच्याकडेच असे) पंक्चर झाली की काका दुकानात येऊन बसत. तिथून आमची ओळख.

काळ दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरचा. लढाई संपली होती, रेशन संपलं नव्हतं.

या कोंडवाड्याची गंमत अशी, की तो रिकामा असे. एखाद दिवस नव्हे, कायमचा. जनावरं सुटत नव्हती असं नाही. पण राखणदार फर्डिनंडकाका पडले! कुणीतरी संतापून लाल झालेला इसम दोरीला गाय बांधून फरफटत आणायचा. "काका, घ्या हिला आत. माझा अख्खा आळू खाल्लान!"

काका चष्मा वर करून गायीच्या तोंडाकडे बघत. "अरे, ही तर रोझलीनची बांडी. काय गं बांडे, घर चुकलीस?"

"घर चुकली? काका, ती रोज बरोब्बर माझ्याच वाडीत चुकते!"

"हो हो. पण आता तिला पान्हा फुटायची वेळ झाली. वासरू हंबरत असेल. आधी पोचवून येतो, मग आपण बोलू."

की काका दोर हातात घेऊन चालू लागले. रोझलीनच्या अंगणात बसून चहा पिणार, तिला कुंपण कसं बांधायचं त्यावर भाषण देणार, आणि तिन्हीसांजेला चर्चची घंटा झाली की हात हलवत परत. हिल्डाकाकी दारातच उभी.

"दंड घेतलात?"

"चहा घेतला."

"दंड भरायचा त्यांनी, तर उलट तुम्हाला खाऊपिऊ घालतात! कोंडवाडा आहे की पाहुणचार?"

"अगं, गायीला काय कळतं दंडातलं?"

साऱ्या पापडीतली जनावरं काका नावानिशी ओळखत. म्हशीची शिंगं, रेड्याचं चालणं, शेळीच्या कानाची खाच. माणसांची नावं मात्र त्यांना आठवत नसत. माझ्या सासऱ्यांना ते मरेपर्यंत 'तांबड्या बैलवाले' म्हणत आले.

तर असा तो रिकामा कोंडवाडा. पण कधीकाळी, आधीच्या राखणदारांच्या वेळी, तिथे खरोखर जनावरं डांबली जात. वर्षानुवर्षांचं शेण त्या मातीत मुरलेलं. पावसाळ्यात तिथे गवत वाढे ते असं, की त्यात उभा राहिलेला माणूस बाहेरून दिसू नये.

आता काका मूळचे नंदाखालचे. नंदाखाल म्हणजे केळी आणि माड. तिथे पोर रांगायला लागलं की पहिली माती तोंडात जाते ती वाडीची. पण काकांच्या बापाची वाडी चिंचोळी, भाऊ जास्त. थोरल्यांनी कसायला घेतली, धाकटे फर्डिनंड नोकरीला बाहेर पडले. भांडण नाही, तंटा नाही. पण टोचणी राहिली. आमच्याकडच्या लग्नकार्यात अनोळखी माणूस भेटला की नावाच्या आधी विचारतात, "तुमची वाडी कुठली?" काका त्यावर म्हणत, "सध्या पापडीला असतो." विचारणारा समजायचा ते समजायचा आणि दुसऱ्याशी बोलायला लागायचा. मी हे स्वतः पाहिलेलं आहे. काका मग उगाच चष्मा पुसत.

सुरुवात काकीने केली. रेशनच्या त्या दिवसांत ताटात धान्य मोजकं, म्हणून भाजीवर पोट भरायचं, आणि भाजीला बाजारात ही झुंबड! काकीने भिंतीकडेला लाल माठाचं बी फेकलं. माठ आला तो तळहाताएवढ्या पानांचा. पाचूबंदरची पुतळाबाई रोज डोक्यावर मासळीची पाटी घेऊन त्या रस्त्याने बाजाराला जाई. ती भिंतीवरून डोकावली.

"हिल्डा, ही भाजी हाय का केळीची पानं?"

"ने एक जुडी."

"जुडी नको. मला वाफा दे."

पुतळाबाई कोळीण, समुद्राशिवाय दुसरं शेत तिने पाहिलं नव्हतं. पण घर मोठं, खाणारी तोंडं बरीच, आणि तिचं म्हणणं, "मासली रोज मीच विकते, भाजी रोज मीच इकत घेते. ह्यो काय न्याय झाला?"

तिच्या मागोमाग मी. माझ्यामागे स्टेशनवरचे हमाल, बाजारातला शिंपी, दोन शाळामास्तर. ज्यांची म्हणून वाडी नव्हती ते सगळे. काका कुणाला नाही म्हणत नसत, हे गायींनाही माहीत होतं. माणसांना कळायला किती वेळ!

म्युनिसिपालटीचे सेक्रेटरी भला माणूस. काळा कोट, धोतर, उन्हापावसात छत्री. 'अधिक पिकवा' असं सरकार तेव्हा सांगतच होतं. ते येऊन सगळीकडे फिरले, एक मुळा उपटून तिथेच धुऊन खाल्ला आणि म्हणाले, "करा. ओसाड पडण्यापेक्षा बरं. पण फर्डिनंड, एक ध्यानात ठेव. जागा कोंडवाड्याची आहे. उद्या जनावर आलं तर आत घ्यावं लागेल."

"घेऊ की साहेब," काका म्हणाले. त्यांच्या नोकरीत एकही जनावर आत गेलं नव्हतं, त्यामुळे वचन द्यायला त्यांना काहीच जड गेलं नाही.

मग काय विचारता! गवत निघालं, वाफे पडले. काका सकाळपासून कमरेला पंचा गुंडाळून या वाफ्यातून त्या वाफ्यात. नंदाखालचं जे जे बापाकडून शिकले होते ते इतकी वर्षं पोटात दाबून ठेवलेलं, ते सगळं बाहेर आलं. माणूसच बदलला. कुणाचं पडवळ वाकडं वाढतंय तर त्याच्या टोकाला दगड बांध, कुणाच्या घेवड्याला मांडव घालून दे. आणि बोलणं? एरवी गायीशी बोलणारे काका आता भेंडीशी बोलत.

पुतळाबाईची तर कहाणीच झाली. आमच्या बागायतीत सुक्या मासळीचं खत घालतात, हे तिने ऐकलं होतं. तिने विचार केला, मासळी तर आपल्या घरची. एके दिवशी मासळी सुकवायच्या ओट्यावरचा उरलासुरला चुरा पाटी भरून आणलान आणि वांग्यांच्या बुडाशी दणकून घातलान. दोन-तीन दिवसांत वांग्यांनी माना टाकल्या.

"भाऊ, माज्या वांग्यांना काय ताप आलाय का? बघ जरा."

काकांनी मातीची चिमूट जिभेवर ठेवली आणि थू करून थुंकले. "पुतळाबाई, ही मासळी खारवलेली होती?"

"मंग? बिनमिठाची टिकंल का?"

"अगं बाई, खताला मीठ लावायचं नसतं!"

"आमच्यात काय बी टिकवायचं म्हंजे मीठ लावायचं. मला काय ठाव, तुमची वांगी नाजूक हायत!"

"तू वांगी लावली नाहीस. वांग्यांची सुकट घातलीस."

सगळा कोंडवाडा हसला. पुतळाबाईही हसली, पण वाफा गेला तो गेलाच. काका म्हणाले, भरपूर गोडं पाणी दिलं तर मीठ धुऊन जाईल. पण पाणी कुठून आणायचं? विहिरीला पाणी होतं, पण दोर-बादलीने हाताने उपसायचं. काकीच्या हातांना घट्टे पडले. उन्हाळा जवळ आला तसे कडेचे वाफे सुकायला लागले.

त्या विहिरीला खूप पूर्वी कधी रहाट होता. मोठं लाकडी चाक, त्यावर मातीच्या लोट्यांची माळ, आणि रेडा गोल गोल फिरून ती ओढणार. चाक केव्हाच नाहीसं झालेलं. दोन दगडी खांब तेवढे उभे होते आणि विहिरीभोवती रेड्याच्या पायांनी घट्ट झालेला गोल फेरा. आता जागा म्हणजे सोनं झालेली, वाफ्यांसाठी लोक वाट बघतायत, आणि काका त्या फेऱ्यावर कुणाला एक कोथिंबीर लावू देत नसत.

"जनावराचा फेरा पेरू नये," ते म्हणत. "आमचा बाप सांगायचा."

"कुठलं जनावर, भाऊ?" पुतळाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "रहाट न्हाय, रेडा न्हाय. कोन येनार हाय फिरायला?"

"येईल."

"येईल? गेलाय कुठं, सासरी?"

बापाचा शब्द म्हटल्यावर काका हलायचे नाहीत. आम्ही त्या फेऱ्याला 'काकांची प्रदक्षिणा' नाव ठेवलं. शिंप्याने एकदा हळूच तिथे काकडीचं बी टोचलं. काकांनी उगवलेली रोपं मातीसकट काढून त्याच्या वाफ्यात नेऊन लावली आणि वर त्यालाच गूळ-पाणी दिलं.

आता आत्मारामभाऊंची गाठ घालून देतो. रस्त्यापलीकडची मोठी वाडी त्यांची. पापडीतलं पहिलं ऑइल इंजिन त्यांनी आणलं. काय तो थाट! इंजिनाला हार, नारळ, पेढे. चालू झालं तेव्हा फट् फट् फट् करून असा धूर सोडला, की पेढ्यांना आठवडाभर रॉकेलचा वास. आत्मारामभाऊंनी जुना रहाट सोडवून पडवीत टाकला. रहाटाचा रेडा, सुभेदार त्याचं नाव, बायकोच्या भावाला नायगावला भातशेतीसाठी देऊन टाकला. आणि रहाटाचा फेरा? तिथली माती शेणाने कसदार झालेली, म्हणून त्यावर मिरची लावली. आपल्या काकांना हे कळलं तेव्हा काका फक्त "अरेरे" म्हणाले.

थोड्याच दिवसांत आत्मारामभाऊंची मिरची तुडवली जायला लागली. दर तीन-चार दिवसांनी पहाटे कुठलंतरी जनावर शिरे आणि भुईसपाट करून जाई. भाऊ तापट. तडक सेक्रेटरीसाहेबांकडे गेले.

"साहेब, मोकाट जनावर माझी मिरची मारतंय. कोंडवाडा कशाला असतो?"

"जनावरं ठेवायला."

"मग जाऊन बघा! तिथे वांगी ठेवलीयत!"

तक्रार खोटी नव्हती, त्यात कुणाला काही म्हणता येणार नव्हतं. साहेब छत्री टेकत आले. काकांना म्हणाले, "फर्डिनंड, मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. सोमवारी सकाळी येतो. ते जनावर धर आणि आत ठेवून दाखव. भाजी टिकली तर वाफे राहतील. नाही टिकली तर सगळं काढायचं आणि जागा मोकळी करायची. माझाही नाइलाज आहे."

"साहेब, चिंचेला बांधलं तर?" मी मध्येच बोललो.

"कोंडवाड्यात जनावर बांधायचं नाही, हा जुना नियम आहे. दोरीत मान अडकून मेलं तर मालकाला काय सांगू?"

साहेब गेले. सगळे वाफ्यांच्या बांधावर बसलो. पुतळाबाईने सुचवलं, एखादं गरीब कोकरू आणून दाखवू. शिंपी म्हणाला, मध्ये कुंपण घालू. पण वाफे भिंतीपासून विहिरीपर्यंत खेटून. कुंपण घालायचं तर अर्ध्यांचे वाफे उखडायचे. कुणाचे? जो तो आपापल्या वाफ्याकडे बघू लागला. तेवढ्यात हिल्डाकाकी हळूच म्हणाली, "मला भाजीचं काही नाही. बाजारातून आणीन. पण ही माती गेली, तर हे पुन्हा भिंतीकडे बघत बसतील."

काका चष्मा पुसत होते.

सोमवारी अजून नीट उजाडलं नव्हतं तोच काका माझ्या दारात. "चल, तुझे दंड मजबूत आहेत. मिरची तुडवून चार दिवस झाले, आज ते येणारच." जनावर धरणं राखणदाराचं काम, म्हणून आत्मारामभाऊंनी वाडीचं फाटक उघडं ठेवलेलं आणि स्वतः साहेबांना आणायला गेलेले. आम्ही केळींच्या आड बसलो. पूर्वेकडे जरा फटफटलं. पायांचा आवाज आला, जड, सावकाश. कुंपणाच्या खिंडारातून एक काळं धूड आत आलं. गुडघ्यापर्यंत खाडीचा चिखल, गळ्यात तुटक्या दोराचं लोंबकळतं टोक.

मी उठणार तोच काकांनी मला खाली दाबलं. "थांब. काय करतो बघ."

ते जनावर केळीकडे गेलं नाही, आळवाकडे गेलं नाही. शांतपणे विहिरीपाशी आलं, मिरचीच्या वाफ्यात पाय ठेवला आणि चालायला लागलं. गोल. विहिरीभोवती. एक पान तोंडात घेतलं नाही. नुसता फिरत होता गडी, मान खाली घालून, जसं कुणीतरी जू मानेवर ठेवलंय.

"काका," मी कुजबुजलो, "हा तर..."

"सुभेदार." काकांनी चष्मा वर केला. "अरे, हा चरायला नाही आला. हा कामावर आलाय."

नायगावहून! दोर तोडून, खाडीकाठच्या खाजणातून वाट काढत, रहाटाला जुंपायच्या वेळेला बरोब्बर हजर. आणि हाक द्यायला कुणी येत नाही असं बघून, माणसं जागी व्हायच्या आत परत. रहाट काढला हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

काका उठले, जवळ गेले, त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग तिथेच थबकले. मला त्यांच्या मनातलं दिसत होतं. जन्मभर एकच धंदा केलेला माणूस: जनावर दिसलं की घरी पोचवायचं.

"याला घरी नेऊन सोडायचं," काका म्हणाले, "तर हा घरीच आलाय. आता याला नेऊ कुठे?"

"काका, गुपचूप नायगावला सोडून येऊ. साहेबांना सांगू, जनावर सापडलं नाही."

"आणि परवा हा पुन्हा येणार. आत्माराम पुन्हा ओरडणार. नाही बाबा. एकदाच काय व्हायचं ते होऊ दे." त्यांनी तुटका दोर हातात घेतला. राखणदार म्हणून त्यांनी कोंडवाड्यात नेलेलं ते पहिलं जनावर.

कोंडवाड्यापाशी सगळे जमलेले. साहेब छत्री घेऊन फाटकात, शेजारी आत्मारामभाऊ हाताची घडी घालून. काकी खोलीच्या उंबऱ्यावर, हातात जपाची माळ. पुतळाबाई मासळीची पाटी खाली ठेवून भिंतीला लागून उभी. रेडा बघून तिने कपाळावर हात मारला.

"आगं बया! भाऊ, कोकरू म्हनलं व्हतं मी! डोंगर घेऊन आलास?"

आत्मारामभाऊंचं तोंड उघडंच राहिलं. ते काही बोलणार, तोच काकांनी त्यांच्याकडे न बघता फाटक उघडलं आणि दोर सोडून दिला.

सुभेदार आत गेला. फाटकातच उभा राहिला, नाक वर केलं. समोर पुतळाबाईने हट्टाने पुन्हा लावलेली, जेमतेम तग धरलेली वांगी, डावीकडे माझा मुळा, उजवीकडे मास्तरांचा कोबी. सगळी पापडी टाचा उंचावून बघत होती. शिंपी मात्र डोळे मिटून उभा. रेड्याने एक पाय उचलला आणि मधल्या पायवाटेवर ठेवला. मग दुसरा. वाटेच्या दोन्ही बाजूंना हिरवी पानं त्याच्या पोटाला घासत होती. तो सरळ विहिरीकडे गेला. दोन दगडी खांब बघितले असावेत. उजवीकडे वळला आणि त्या मोकळ्या, कुणालाही पेरू न दिलेल्या फेऱ्यावर चालायला लागला.

गोल. पुन्हा गोल. एका पानाला धक्का नाही.

नुसते खुरांचे आवाज. मग पुतळाबाई म्हणाली, "आला की गं सासरहून!" आणि जो हशा पिकला, की झाडावरचे कावळे उडाले.

साहेब हसत नव्हते. ते बराच वेळ बघत होते. "हा थांबतो कधी?"

"मालकाने हाक दिली की," काका म्हणाले. "रहाटाचं जनावर दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही."

"मालक कोण?"

काकांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. त्या क्षणी त्यांचं आत्मारामभाऊंकडे बघायचं अजिबात धाडस होत नव्हतं. पण जनावराला कसली भीड! ते आपलं फिरतच होतं. आत्मारामभाऊ दोन पावलं पुढे गेले, घसा खाकरला आणि अगदी हळू, लाजल्यासारखे म्हणाले, "हो... बास रे सुभेदारा."

सुभेदार जागच्या जागी थांबला. कान हलवले. भाऊंकडे वळून बघितलं, जणू 'इतका उशीर?'

"बरं," साहेब म्हणाले. "तक्रारदार आत्माराम. मालकही आत्माराम."

"साहेब, मी हा मेव्हण्याला दिलाय! माझा नाही!"

"हे त्याला माहीत नाही."

"मग मी तक्रार मागे घेतो."

"कशाला? तक्रार खरीच आहे. फक्त आरोपी तुमच्याच घरचा निघाला." मग साहेब काकांकडे वळले. "फर्डिनंड, जनावर आत आहे. भाजीही आत आहे. मला जे बघायचं होतं ते बघितलं." त्यांनी वाकून एक मुळा उपटला, माझाच, आणि खात खात निघून गेले.

नायगावचे मेव्हणे त्याच आठवड्यात आले. त्यांना वाटलं, आता आत्माराम रेडा परत गळ्यात मारणार. आल्या आल्या हात जोडून म्हणाले, "भावजी, मला नको. याला नांगराला जुंपला तर हा सरळ जातच नाही. माझ्या शेताला भोवरा पडलाय!"

दुसऱ्या दिवशी आत्मारामभाऊंच्या पडवीतला रहाट बैलगाडीत घालून कोंडवाड्यात आला. सुताराने चाक बसवलं, कुंभाराकडून नवे लोटे आणले, सुंभाने माळ बांधली. सुभेदाराच्या डोळ्यांना झापडं लावली, जू मानेवर ठेवलं. पहिला लोटा वर आला, कलला, आणि पाटातून पाणी धावत सुटलं ते काकांनी आधी पुतळाबाईच्या खाऱ्या वाफ्याकडे वळवलं. त्यानंतरच्या मोसमात कोंडवाड्यातली पहिली वांगी तिचीच निघाली. पाटीत एका बाजूला बोंबील, दुसऱ्या बाजूला वांगी घेऊन बाजारात बसायची आणि ओरडायची, "घ्या, घ्या, दोन्ही एकाच घरची!"

रेड्याची वैरण म्हणजे सगळ्यांच्या वाफ्यातला पाला. रेड्याचं शेण सगळ्यांच्या वाफ्यात. साहेबांच्या लेखी कोंडवाड्यात जनावर होतं, तेव्हा कोंडवाडाही चालू होता. सुभेदाराला सोडवून न्यायला कुणी आलं नाही, आणि कुणी नेलं असतं तरी तो पहाटे परत आला असता.

आणि आत्मारामभाऊ? इंजिन त्यांच्याकडे होतंच, फटफटत होतं. पण रोज उजाडता उजाडता भाऊ रस्ता ओलांडून यायचे, सुभेदाराच्या डोळ्यांना झापडं स्वतः लावायचे, दांड्यावर बसून चार फेरे घ्यायचे. मी एकदा विचारलं, "भाऊ, इंजिन सोडून इथे कशाला?"

"इंजिनाला 'बास रे' म्हणता येत नाही," म्हणाले. "आणि म्हटलं तरी बघत नाही ते आपल्याकडे."

पुढच्या वर्षी पावसाआधी नंदाखालला काकांच्या पुतणीचं लग्न होतं. आम्हा नवराबायकोलाही आग्रहाचं बोलावणं. मांडवात एका बाकावर एक अनोळखी म्हातारा बसलेला, उसगावकडचा कुणीतरी. काका समोर येताच त्याने नेहमीचाच प्रश्न विचारला, "तुमची वाडी कुठली?"

मी आणि काकी दोघंही काकांकडे बघायला लागलो. काकांचा हात चष्म्याकडे गेला आणि तसाच खाली आला.

"पापडीची," काका म्हणाले. "कोंडवाड्यातली."

"कोंडवाड्यात वाडी?"

"हो."

"मोठी आहे?"

"पुष्कळ माणसं कसतात."

म्हाताऱ्याने जरा विचार केला. "पाणी?"

"रहाटाचं," काका म्हणाले. "आणि फेरा आम्ही पेरत नाही."

ते ऐकून म्हाताऱ्याने मान डोलावली, बाकावर बाजूला सरकला आणि आपल्या शेजारी हात आपटून म्हणाला, "अहो, मग उभे का? बसा इथे."